हमिंगबर्डच्या फीडरमध्ये गूळ का घालायचा नाही

न्यू जर्सीत एप्रिलचा शेवटचा आठवडा आला की माळ्यावरचे लाल फीडर, म्हणजे हमिंगबर्डला साखरपाणी पाजायची भांडी, खाली उतरतात आणि डेकवर टांगले जातात. तिथल्या मराठी घरांत साधारण त्याच सुमारास भारतातून आई-बाबा आलेले असतात, आणि मग ठरलेला संवाद होतो. "एवढंसं पाखरू ते, त्याला नुसतं साखरेचं पाणी काय पाजता? चमचाभर मध घाला की त्यात. नाहीतर गूळ तरी." सांगण्यामागची माया खरी असते, पण सल्ला ऐकू नये. फीडरच्या खोक्यावर इंग्रजीत सूचनांची जंत्री असते: हे घाला, ते घालू नका, इतक्या दिवसांनी धुवा. ती पाठ करत बसण्यापेक्षा हा पक्षी खातो कसा, हे एकदा नीट समजून घेतलं, तर त्यातली प्रत्येक सूचना आपली आपणच सुचते.

अमेरिकेच्या पूर्व भागात घरटं करणारा हमिंगबर्ड एकच, रुबी-थ्रोटेड. वजन जेमतेम ३ ग्रॅम. कॅलिफोर्नियात वर्षभर दिसतो तो ॲनाज हमिंगबर्ड, थोडा जड. एकूण जाती साडेतीनशेच्या वर आहेत, आणि त्या सगळ्या अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत, म्हणजे फक्त अमेरिका खंडांत. भारतात हमिंगबर्ड नाही. पुण्यात किंवा फोंड्यात जास्वंदीवर चमचमणारा निळा-जांभळा पक्षी दिसतो तो शिंजीर. आणि संध्याकाळी फुलासमोर हवेत थांबून सोंड लावणारा ‘हमिंगबर्ड’ कुणी मोबाइलवर टिपून पाठवला, तर तो बहुधा हॉक मॉथ जातीचा पतंग असतो. शिंजीर आणि हमिंगबर्ड जवळचे नातेवाईकही नाहीत. हमिंगबर्डची भाऊबंदकी आपल्या पाकोळ्यांशी आहे. दोन वेगळ्या घराण्यांतले पक्षी फुलातल्या मकरंदावर जगायला लागले आणि दिसायला एकमेकांच्या जवळ आले, इतकंच. शिंजीर मात्र शक्यतो फांदीवर बसून मकरंद पितो. हमिंगबर्ड हवेत स्थिर राहून पितो, आणि त्याच्या खाण्याची सगळी गुंतागुंत या एका सवयीतून सुरू होते.

हवेत एका जागी थांबणं हे उडण्यातलं सगळ्यात महागडं काम. रुबी-थ्रोटेड त्यासाठी सेकंदाला सुमारे ५० वेळा पंख मारतो, आणि उडताना हमिंगबर्डचं हृदय मिनिटाला हजाराच्या वर ठोके देऊ शकतं. हा खर्च भागवायला तो दिवसाला स्वतःच्या वजनाच्या साधारण निम्मी साखर पितो. म्हणजे ३ ग्रॅमच्या पक्ष्याला दीड ग्रॅम साखर. आपला चहाचा सपाट चमचा ४ ग्रॅमचा धरला, तर एक चमचा साखर एका पक्ष्याला अडीच दिवस पुरते. पण फुलात साखर कोरडी मिळत नाही, पाण्यात विरघळलेली मिळते. तेवढ्या साखरेसाठी त्याला सहा-साडेसात ग्रॅम मकरंद प्यावा लागतो, वजनाच्या दुपटीच्या आसपास. या पाण्याचं काय होतं, ते पुढे येईल.

प्यायलेली साखर तो किती वेळात वापरतो, याचं उत्तर फार सुंदर प्रयोगातून मिळालं. उसाच्या साखरेतला आणि बिटाच्या साखरेतला कार्बन किंचित वेगळा असतो. ऊस आणि बीट हवेतला कार्बन डायऑक्साइड वेगवेगळ्या पद्धतीने पकडतात, त्यामुळे जड कार्बनचं प्रमाण बदलतं. केनेथ वेल्च आणि राऊल सुआरेझ या संशोधकांनी हमिंगबर्डना आधी बिटाच्या साखरेवर ठेवलं, मग एकदम उसाची साखर दिली, आणि फीडरच्या तोंडाशी बसवलेल्या मास्कमधून त्यांचा उच्छ्वास तपासला. अर्ध्या-पाऊण तासात उच्छ्वासातला जवळपास सगळा कार्बन उसाचा झाला होता. म्हणजे पक्षी आता जे उडतोय, ते मघाशी प्यायलेल्या साखरेवर. साठवण वगैरे काही नाही, आली साखर की गेली पंखांत. माणसाचे स्नायू व्यायामाच्या वेळी नुकत्याच खाल्लेल्या साखरेवर इतके विसंबू शकत नाहीत, आणि साखरेतल्या फ्रुक्टोजसाठी तर आपल्याला यकृताची मदत लागते. हमिंगबर्डचे स्नायू ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही थेट जाळतात. रक्तातली साखर आपल्याला दवाखान्यात पोचवेल इतकी चढलेली असते, तरी मधुमेहाचं दुखणं त्याला लागत नाही.

आता प्रमाणाचं बघू. एक वाटी साखर, चार वाट्या पाणी. इतकंच. वजनाने हे मिश्रण साधारण साडेसतरा टक्क्यांचं होतं. हमिंगबर्ड ज्या फुलांवर जातो त्यांच्या मकरंदात साखर बहुतेक वेळा वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास असते, आणि तीही मुख्यतः सुक्रोज, म्हणजे आपल्या डब्यातली पांढरी साखरच. म्हणजे आपलं पाणी फुलापेक्षा किंचित पातळ. चालतं, कडक उन्हात जास्तीचं पाणी उपयोगीच पडतं. थंडीत किंवा स्थलांतराच्या काळात एकास तीन केलं तरी हरकत नाही. त्याहून घट्ट मात्र करू नये, कारण पाक चिकट होतो आणि जिभेने उचलायला जड जातो. पाणी उकळलं तर साखर पटकन विरघळते आणि मिश्रण थोडं जास्त टिकतं, पण कोमट पाण्यात ढवळली तरी भागतं. उरलेलं आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवा.

आणि गूळ? फुलाच्या मकरंदात लोह नगण्य असतं. मकरंदावर जगणाऱ्या पक्ष्याचं शरीर त्यामुळे मिळेल ते लोह धरून ठेवायला सरावलेलं असतं, ते जास्त झालं तर बाहेर टाकायला नाही. गुळात, ब्राउन शुगरमध्ये आणि ‘ऑरगॅनिक’ म्हणून मिळणाऱ्या पिवळसर साखरेतही उसाच्या मळीचा अंश असतो, आणि त्यासोबत लोह. आपल्या घरात जे पोरीबाळींना रक्त वाढावं म्हणून मुद्दाम देतात, तेच इथे यकृतात साचून अपाय करू शकतं. मधाची गोष्ट वेगळी. बाटलीतला मध वर्षानुवर्षं टिकतो, कारण त्यात पाणी इतकं कमी असतं की यीस्ट आणि बुरशीला वाढता येत नाही. त्यात पाणी ओतलं की ते सगळे जागे होतात आणि उन्हातला फीडर दिवसा-दोन दिवसांत आंबतो. पिठीसाखरेत मक्याचं पीठ मिसळलेलं असतं. अमेरिकेतल्या साध्या पांढऱ्या साखरेची दोन किलोची पिशवी हंगामभर पुरते. ‘हमिंगबर्ड नेक्टर’ नावाच्या महागड्या पुड्यांत त्याहून वेगळं काही नसतं, असलाच तर लाल रंग, आणि तोही नको.

मधुमेह असलेल्या घरांत ‘शुगर-फ्री’ गोळीचा विचार कुणाच्या तरी डोक्यात येतोच. तो दोन बाजूंनी फसतो. त्यात ऊर्जा नसते ही एक. दुसरी बाजू जिभेची आहे. पक्ष्यांच्या पूर्वजांनी गोड चव ओळखणारं एक जनुक कधीच गमावलं. कोंबडीला आजही साखरेचं काही कौतुक नसतं. मग हमिंगबर्डला गोड कळतं कसं? मॉड बाल्डविन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘सायन्स’मध्ये याचं उत्तर छापलं. बाकीच्या पक्ष्यांत प्रथिनांची, मांसाच्या रश्शातली ती उमामी चव ओळखणारा जिभेवरचा जो ग्राहक (रिसेप्टर) असतो, तोच हमिंगबर्डमध्ये थोडा थोडा बदलत साखर ओळखायला लागला. म्हणजे त्याचं ‘गोड’ आपल्या गोडाहून वेगळ्या वाटेने आलेलं आहे. आपल्याला साखरेच्या कितीतरी पट गोड लागणारं ॲस्पार्टेम त्याच्या लेखी साधं पाणी.

किडे: हे बहुतेकांना माहीत नसतं

फीडरभोवती जे दिसतं त्यावरून आपली समजूत होते की हमिंगबर्ड साखरपाण्यावर जगतो. जगत नाही. साखर उडण्यासाठी. पिसं, स्नायू, अंडी, पिल्लं हे सगळं उभं राहतं प्रथिनांवर, आणि मकरंदात प्रथिनं जवळजवळ नसतातच. ती येतात चिलटं, डास, मावा, लहान कोळी यांच्यातून. दिवसभरात तो शेकड्याने किडे टिपू शकतो, पण हे काम झाडांच्या शेंड्यांत आणि पानांमागे चालतं, डेकवरून दिसत नाही. कोळ्याच्या जाळ्यासमोर थांबून त्यात अडकलेला किडा पळवतो, आणि सोयीचं असेल तर जाळ्याचा मालकही. मादीला तर जाळ्याचे धागेही हवे असतात. लिंबापेक्षा लहान घरट्याची बांधणी त्यांच्यानेच होते, आणि पिल्लं वाढतात तसं ते घरटं ताणलं जातं.

त्या सुईसारख्या चोचीने उडती माशी कशी पकडत असेल, हा प्रश्न संशोधकांनाही पडला होता. कनेक्टिकट विद्यापीठात वेगवान कॅमेऱ्याने पाहिलं तेव्हा कळलं की किडा दिसताच चोचीचा खालचा भाग मधोमध खाली वाकतो, तोंड रुंद होतं आणि किडा सरळ घशाशी जातो. चोचीत हाडाला मध्ये सांधा नाही. हाडच लवचीक आहे.

मादी पिल्लांना एकटीच वाढवते, नर तिकडे फिरकत नाही. ती पिल्लाच्या घशात चोच खोल घालून किडे आणि मकरंद यांचं मिश्रण ओतते. नुसत्या साखरपाण्यावर पिल्लू वाढत नाही. म्हणून अंगणात पडलेलं पिल्लू उचलून घरी ड्रॉपरने साखर पाजत राहणं हा त्याला वाचवण्याचा मार्ग नव्हे, आणि १९१८च्या स्थलांतरित पक्षी कायद्यामुळे ते अमेरिकेत बेकायदाही आहे. परवाना असलेल्या वन्यजीव पुनर्वसन केंद्राला फोन करावा.

याचा सरळ अर्थ असा की हमिंगबर्डसाठी अंगणात करण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट फीडर नाही. कीटकनाशक न फवारणं ही आहे. लॉनवाल्या कंपनीला ‘डासांचा स्प्रे’ मारायला सांगायचा आणि त्याच कुंपणावर फीडर टांगायचा, यात मला काही ताळमेळ दिसत नाही. काही जण फीडरशेजारी जाळीच्या पिशवीत पिकलेल्या केळ्याच्या साली ठेवतात. त्यावर घोंगावणारी चिलटं पक्षी आनंदाने टिपतो. घरातल्या लोकांचं मत वेगळं असू शकतं.

जीभ, डोळा आणि लक्षात ठेवणं

जवळजवळ पावणेदोनशे वर्षं पुस्तकांत लिहिलेलं होतं की हमिंगबर्डची जीभ म्हणजे दोन बारीक नळ्या, आणि दिव्याच्या वातीत तेल चढावं तसा त्यात मकरंद चढतो. १८३३ सालची ही कल्पना कुणी तपासली नव्हती. अलेहांद्रो रिको-गेवारा आणि मार्गारेट रुबेगा यांनी पारदर्शक नकली फुलं करून चित्रण केलं आणि २०११ मध्ये दाखवलं की असं काही होत नाही. जिभेचं टोक दुभंगलेलं असतं आणि त्याच्या कडांना बारीक झालर असते. जीभ द्रवात शिरली की झालर उलगडते, बाहेर येताना मिटते, आणि मकरंद आत अडकतो. पुढे २०१५ मध्ये त्यांनी उरलेल्या भागाचं कामही उलगडलं. बाहेर पडताना चोचीचं टोक जिभेच्या खाचा दाबून चपट्या करतं. द्रवाला स्पर्श होताच त्या फुगतात आणि भरून येतात. ही जीभ सेकंदाला १५-२० वेळा आत-बाहेर होऊ शकते. लांब चाटायची सोय म्हणून तिला आधार देणारी हाडं कवटीला मागून वळसा घालून वर आलेली असतात.

लाल रंगाची ओढ जन्मजात असते असं सर्रास सांगितलं जातं. ती बरीचशी शिकलेली असते. मधमाश्यांना लाल रंग नीट दिसत नाही, त्यामुळे लाल फुलात मकरंद शिल्लक राहण्याची शक्यता जास्त. पक्षी हे अनुभवाने शिकतो, आणि फिका फीडर रोज भरलेला मिळाला तर त्यावरही येतो. त्याला आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात ते वेगळंच. मेरी कॅसवेल स्टॉडर्ड यांच्या गटाने कोलोरॅडोच्या डोंगरात एका नळीत साखरपाणी आणि दुसरीत साधं पाणी ठेवून, दोन्हींजवळ वेगवेगळ्या रंगांचे दिवे लावले. एक हिरवा, दुसरा हिरव्यात अतिनील मिसळलेला. माणसाला दोन्ही सारखेच हिरवे. जंगली हमिंगबर्ड मात्र बरोबर साखरेच्या दिव्याकडे जायला शिकले. फीडरच्या पाण्यात लाल रंग ओतण्याची गरज यापुढे उरत नाही. खरा मकरंद बिनरंगी असतो, आणि फीडरचं झाकण लाल असतंच.

स्मरणशक्तीबद्दल एकच गोष्ट सांगतो. कॅनडाच्या रॉकी पर्वतात रूफस हमिंगबर्डसमोर आठ नकली फुलं ठेवली होती. चार फुलं रिकामी झाल्यावर १० मिनिटांनी भरायची, चार २० मिनिटांनी. नर काही दिवसांत कोणतं फूल कोणत्या गटातलं हे शिकले, आणि त्या त्या फुलाकडे त्याच्या त्याच्या वेळेला परतायला लागले. २००६ साली हे प्रसिद्ध झालं. मागच्या वर्षी जिथे फीडर होता त्याच रिकाम्या हुकासमोर एप्रिलमध्ये पक्षी येऊन घिरट्या घालतो असं लोक सांगतात, ते ऐकून म्हणूनच मला नवल वाटत नाही.

रात्र

मघाशी पाण्याचा विषय अर्धा ठेवला होता. वजनाच्या दुपटीएवढा मकरंद प्यायलेला पक्षी दिवसभर त्यातलं पाणी पातळ मूत्राच्या रूपात टाकत असतो. पण रात्री पिणं बंद झालं आणि मूत्रपिंडं तशीच चालू राहिली, तर सकाळपर्यंत तो वाळून जाईल. म्हणून रात्री त्याची मूत्रपिंडं गाळण्याचं काम जवळपास थांबवतात.

साखरेचाही तोच प्रश्न. दिवसा येईल तशी जाळायची, मग रात्री काय? संध्याकाळी पोट भरून घेऊन तो थोडी चरबी साठवतो, आणि तरी भागणार नसेल तर टॉर्परमध्ये जातो: शरीराचं तापमान उतरवतो, हृदयाची गती मंद करतो, जवळजवळ सगळा खर्च बंद. पेरूच्या अँडीजमध्ये एका जातीच्या पक्ष्याचं तापमान रात्री ३.३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरलेलं नोंदवलं आहे, आणि सकाळी तो उठून उडाला. फांदीला उलटा लटकलेला, हात लावला तरी न हलणारा पक्षी दिसला, तर तो मेला असं लगेच धरू नका.

सिएटल, पोर्टलंड भागात राहणाऱ्यांना याचा थेट उपयोग आहे. ॲनाज हमिंगबर्ड पूर्वी मुख्यतः दक्षिणेत असायचा; गेल्या शतकात बागांमधली परदेशी फुलं आणि फीडर वाढले तसा तो उत्तरेला ब्रिटिश कोलंबियापर्यंत पसरला आणि आता हिवाळाही तिथेच काढतो. २०२५ साली आलेल्या संशोधनात, संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांशी तुलना करता, फीडर जास्त असलेल्या भागांत त्याची चोच लांब आणि निमुळती होत गेल्याचं दिसलं. असा पक्षी गोठत्या रात्रीनंतर उठतो तेव्हा त्याला पहिल्या काही मिनिटांत साखर लागते, आणि नेमका तेव्हाच फीडर बर्फ झालेला असतो. रात्री तो घरात घ्या आणि उजाडण्याआधी बाहेर लावा.

स्वच्छता, भांडणं आणि अस्वल

हा सगळा खटाटोप फुकट घालवणारी एकच गोष्ट आहे, आळस. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचं, थंडीत आठवड्याने. बदलताना नुसतं वरून भरायचं नाही, गरम पाण्याने आणि ब्रशने घासायचं. काळे ठिपके म्हणजे बुरशी. व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून काढा. पाणी गढूळ दिसलं तर तारीख बघू नका, ओतून द्या. थोडंसं आंबलं तर लगेच विष होत नाही हे खरं. बर्कलीच्या रॉबर्ट डडली यांच्या गटाने २०२३ मध्ये ॲनाज हमिंगबर्डना मुद्दाम मद्यार्क मिसळून दिला, तेव्हा १ टक्क्यापर्यंत ते कुरकुर न करता प्यायले आणि २ टक्क्यांवर पिणं निम्मं केलं. पण खरी भीती मद्यार्काची नाही, त्यासोबत वाढणाऱ्या बुरशीची आणि जंतूंची आहे. मोठा फीडर विकत घेऊन अर्धा भरण्यापेक्षा लहान घ्या, ज्याचे सगळे भाग सुटे होतात.

एक नर फीडर अडवून बसतो आणि बाकीच्यांना हाकलतो. त्याच्या दृष्टीने हे कधीच न संपणारं फूल आहे, राखायलाच हवं. दुसरा फीडर अशा जागी लावा की एका फांदीवरून दोन्ही दिसणार नाहीत. तो मधल्या वेळात नुसता बसलेला दिसेल, त्याला आजारी समजू नका. गळ्यापाशी अन्न साठवणारी पिशवी भरली की ती रिकामी होईपर्यंत पुढचं पिता येत नाही.

मुंग्यांसाठी फीडरच्या वर टांगायची पाण्याची छोटी वाटी मिळते, ती लावा. तेल किंवा व्हॅसलीन फासू नका, पिसांना लागतं. पिवळ्या रंगाची नकली फुलं गांधीलमाश्यांना बोलावतात. फीडरवर खंडोबाचा किडा, म्हणजे मँटिस, बसलेला दिसला तर उचलून लांब सोडा. तो हमिंगबर्ड पकडून खातो, याच्या बऱ्याच नोंदी आहेत. फीडर काचेपासून एक मीटरच्या आत किंवा चांगला दहा मीटर लांब. अधलंमधलं अंतर धडकेचं. आणि न्यू जर्सीच्या उत्तर भागात राहत असाल तर रात्री फीडर आत घ्या. काळ्या अस्वलालाही साखर आवडते.

फुलझाडं लावणार असाल तर ट्रम्पेट हनीसकल, कार्डिनल फ्लॉवर, बी बाम. टेक्सस किंवा फ्लोरिडात हमेलिया लावा. पुण्या-मुंबईच्या बागांत शिंजीर ज्यावर तुटून पडतात ते केशरी नळीच्या फुलांचं झुडूप हेच. ते मूळचं अमेरिकेतलं, आणि कर्दळही.

राहिला हंगाम. "सप्टेंबरमध्ये फीडर काढला नाही तर पक्षी आळशी होऊन इथेच राहतील," असं बरेच जण सांगतात. निघायची वेळ त्यांना दिवस लहान होण्यातून कळते, तुमच्या फीडरमधून नव्हे. उलट हीच त्यांना साखर सगळ्यात जास्त लागण्याची वेळ. रुबी-थ्रोटेड चरबी साठवून वजन जवळपास दुप्पट करतो, आणि त्यातले बरेच पक्षी मेक्सिकोच्या आखातावरून ८०० किलोमीटरचं पाणी न थांबता पार करतात. टेक्ससच्या किनाऱ्यावर रॉकपोर्टला सप्टेंबरमध्ये या गर्दीचा उत्सवच भरतो. शेवटचा पक्षी दिसल्यावर आणखी दोन आठवडे फीडर राहू द्या. पूर्व किनाऱ्यावर नोव्हेंबरमध्ये एखादा आला, तर तो बहुधा रुबी-थ्रोटेड नसतो. पश्चिमेकडून आलेला रूफस असण्याची शक्यता चांगली असते. फोटो काढून ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाका, तिथल्या पक्षीनिरीक्षकांना अशी नोंद हवीच असते.